लिजनेअर रोग : रुग्णालयीन निदान

लेजिओनेला या पाण्यात वाढणाऱ्या जीवाणूंमुळे होणारा फुप्फुसदाह (पहा : न्यूमोनिया). १९७६ मध्ये फिलाडेल्फियात ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिक-संघटनेच्या अधिवेशनानंतर साथ उद्भवली. त्यावरून हे नाव पडले. जानेवारी १९७७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जोसेफ मॅकडेड यांनी हा जीवाणू शोधला. रुग्णालयाच्या कोमट, साचलेल्या पाण्यात तो वाढतो व शॉवर, शीतलन मनोऱ्यांच्या तुषारांतून श्वसनमार्गात शिरतो. नेहमीच्या संवर्धकावर तो वाढत नाही. सिस्टीन व लोहयुक्त कोळसा-यीस्ट अगार लागतो आणि वाढ दिसण्यास काही दिवस जातात. मूत्रातील प्रतिजन चाचणी त्वरित होते, परंतु ती प्रामुख्याने लेजिओनेला न्यूमोफिला या जातीचा रक्तरसगट १ ओळखते. नकारार्थी निष्कर्षाने रोग वगळता येत नाही. म्हणून थुंकीचे संवर्धन किंवा पीसीआर (जीवाणूचा डीएनए ओळखणारी चाचणी) सोबत आवश्यक. पेनिसिलीन निरुपयोगी असल्याने निदानावरच उपचार अवलंबून (पहा : प्रतिजैविके).