शीड आणि सलगम : ‘स्ट्राइक’ व ‘बॉयकॉट’ या दोन शब्दांची कुळकथा

इंग्रजीतील ‘स्ट्राइक’ आणि ‘बॉयकॉट’ हे शब्द वृत्तपत्रांत बहुधा शेजारीशेजारी वावरतात. आपण देत असलेली एखादी गोष्ट काढून घेणे आणि त्यायोगे समोरच्याला नमवणे, हा दोहोंचा गाभा. मात्र पहिला शब्द समुद्रावरून आला आहे आणि दुसरा आयर्लंडमधील एका शेतावरून. काढून घेतली जाणारी गोष्टही दोघांची वेगळी आहे, आणि या फरकाचे परिणाम महाराष्ट्रानेही भोगले आहेत.

‘स्ट्राइक’ म्हणजे प्रहार, हा अर्थ आज प्रथम आठवतो. प्राचीन इंग्रजीत मात्र हे क्रियापद फार सौम्य होते : हलकेच हात फिरवणे, घासून सपाट करणे. जर्मन भाषेतील ‘श्ट्राइखेन’ हे त्याचे भावंड अजून त्या अर्थाने नांदते. तडाख्याचा अर्थ मागाहून चिकटला. दरम्यान नाविकांच्या बोलीत त्याला आणखी एक अर्थ लाभला, तो खाली उतरवण्याचा. शीड ‘स्ट्राइक’ करणे म्हणजे शीड उतरवणे. निशाण ‘स्ट्राइक’ करणे म्हणजे शरण जाणे किंवा वरिष्ठाला मान देणे. या मानापमानाला केवढे महत्त्व होते ते १६५२ साली दिसले. इंग्लिश खाडीत डच नौसेनापती ट्रॉम्प याने इंग्रजांच्या ब्लेकपुढे वेळेवर निशाण उतरवले नाही, तोफा धडाडल्या आणि पहिल्या इंग्रज-डच युद्धाला तोंड फुटले.

हाच शरणागतीचा शब्द १७६८ मध्ये उलटा फिरला. त्या वर्षी इंग्लंडात धान्य महाग होते, लंडनमध्ये विल्क्सच्या अटकेवरून दंगली पेटल्या होत्या, कोळसा उतरवणारे हमाल आणि रेशीम विणकर रस्त्यावर आले होते. वेतनवाढ मागणाऱ्या खलाशांनी गलबतांची शिडे खाली उतरवली. शीड नसलेले गलबत म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोदाम; मालक कितीही धनाढ्य असला तरी ते हलवू शकत नाही. खलाशांचे हे ‘उतरवणे’ थोड्याच अवधीत किनाऱ्यावरील कामगारांच्या तोंडी बसले. हत्यार खाली ठेवणाऱ्या सुताराने वा विणकराने समुद्र पाहिलेला नसला, तरी तोही ‘स्ट्राइक’ करू लागला.

कृती अर्थात शब्दाहून फार जुनी. तिसऱ्या रामसेसच्या काळी, ख्रिस्तपूर्व बाराव्या शतकात, इजिप्तमधील राजथडगी खोदणाऱ्या कारागिरांनी धान्याचा शिधा थकला म्हणून काम थांबवल्याची नोंद पपायरसवर आहे. फ्रेंचांनी त्याच कृतीला ‘ग्रेव्ह’ म्हटले, पॅरिसमध्ये सेन नदीकाठच्या ज्या चौकात रोजगार शोधणारे जमत त्याच्या नावावरून. मराठीतील ‘संप’ याहून वेगळा. गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही एकोपा. इंग्रजी शब्दाला थांबलेले गलबत दिसले, आपल्या शब्दाला थांबवणाऱ्यांची एकी दिसली. आणि ‘हरताळ’? दुकानांना कुलपे लावण्याचा हरताळ हिंदी-गुजरातीच्या वाटेने आला. पण पोथीतील चुकीचे अक्षर झाकण्यासाठी फासायचे ते पिवळे द्रव्यही हरताळच. इंग्रजीतही लिहिलेले खोडायचे असेल तर ते ‘स्ट्राइक’ करतात. हा निव्वळ योगायोग, पण सुरेख.

‘बॉयकॉट’चा जन्म याच्या मानाने अगदी उघड्यावर झाला, त्याचे गाव, वर्ष आणि जवळजवळ महिनाही सांगता येतो.

१८८० साली पश्चिम आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा मुखत्यार होता. पीक बुडालेले, खंड थकलेला. कुळांनी सूट मागितली. जमीनदाराने दिली ती त्यांना पुरेशी वाटली नाही, आणि सप्टेंबरमध्ये जमीन सोडण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच महिन्याच्या १९ तारखेला एनिस येथील सभेत चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल याने उपाय सुचवला होता : बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी सर्व व्यवहार तोडा, रस्त्यात, दुकानात, बाजारात, देवळातसुद्धा त्याला एकटे पाडा. मेयोतील लोकांनी तो उपाय बॉयकॉटवर योजला. गडी निघून गेले, लोहाराने काम नाकारले, धोबीण येईना, दुकानदार माल देईना, टपालही पोचेना.

बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली व्यथा मांडली आणि प्रकरण साम्राज्याच्या प्रतिष्ठेचे झाले. नोव्हेंबरात कॅव्हन आणि मोनॅहन परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक त्याचे पीक काढायला आले; त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक व पोलीस. सुमारे पाचशे पौंडांचे बटाटे, सलगम व धान्य वाचवण्यासाठी सरकारचे अंदाजे दहा हजार पौंड खर्ची पडले. डिसेंबर उजाडताच बॉयकॉट कुटुंबासह आयर्लंड सोडून गेला.

शब्द कसा सुचला याची हकिकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने सांगितली आहे. या कृतीला ‘ऑस्ट्रासाइज’ म्हणावे असे त्याच्या मनात आले. हा अथेन्सचा शब्द. तेथे नागरिक खापरीवर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करीत. पण मेयोच्या शेतकऱ्याला हे ग्रीक उमजणार कसे? तेथील धर्मगुरू फादर जॉन ओ’मॅली यांनी सुचवले, ‘बॉयकॉट करणे’ म्हणावे. नोव्हेंबर संपण्यापूर्वी ‘टाइम्स’मध्येच ते नाव क्रियापद म्हणून छापले गेले, पुढे फ्रेंच, जर्मन, डच आणि रशियन भाषांनीही ते उचलले. जिवंतपणी क्रियापद होण्याचे भाग्य, किंवा दुर्भाग्य, फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल.

पंचवीस वर्षांनी, ७ ऑगस्ट १९०५ रोजी, कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत विलायती मालाविरुद्ध हेच अस्त्र उचलले गेले. लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला ‘बहिष्कार’ आला. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. बहिष्काराच्या पुरस्कर्त्यासाठी संप : खलाशांचा शब्द आणि आयरिश कुळांचा शब्द यांची गाठ अशी गिरणगावात पडली.

तथापि ‘बहिष्कार’ हे ‘बॉयकॉट’चे भाषांतर म्हणून सहज चालले, ते मराठीच्या पोटात आधीपासून होते म्हणून. वाळीत टाकणे या गावाला ठाऊक असलेल्या शिक्षेचेच ते संस्कृत नाव. आणि येथेच दोन्ही शब्दांची वाट फुटते. संप करणारा स्वतःचे श्रम काढून घेतो. ज्याच्यापाशी श्रमाखेरीज काही नाही त्याचे ते शस्त्र. बहिष्कारात मात्र संबंध काढून घेतला जातो, आणि संबंध तोडण्याचे बळ दुबळ्यापेक्षा बळिष्ठाकडे अधिक असते. मेयोत शंभर कुळांनी एका मुखत्याराला एकटे पाडले. महाराष्ट्राच्या गावात शंभर घरे एका घराला पाडू शकतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापली आणि महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. ज्या शब्दाने राष्ट्रीय चळवळ अभिमानाने मिरवत होती, त्याचेच कर्मणी रूप त्यांनी पाक्षिकाच्या शिरोभागी ठेवले. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात या शस्त्राचे तपशील आहेत : जमिनीवरून काढणे, मजुरी बंद करणे, वाण्याने जिन्नस न देणे, वहिवाटीची वाट अडवणे; आणि कारण काय, तर चांगले कपडे घातले, दागिने घातले, नवरदेवाची घोड्यावरून वरात काढली. गोलमेज परिषदेपुढे आंबेडकर आणि रेट्टमलाई श्रीनिवासन यांनी या बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि मसुद्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. त्याच आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. एका शब्दावर बंदी मागायची आणि दुसऱ्याचा हक्क राखायचा, यात त्यांना विसंगती दिसली नाही, ती नव्हतीच.

बहिष्काराविषयीची ती मागणी महाराष्ट्रात स्वतंत्र कायद्याच्या रूपाने पुरी व्हायला २०१६ साल उजाडले. जातपंचायतींनी व गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे पुढे येत राहिल्यावर विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.