प्रचालक, लहान विमानाचा

प्रचालक, लहान विमानाचा : एंजिनाची परिभ्रमी शक्ती हवा मागे लोटून पुढे नेणाऱ्या रेट्यात रूपांतरित करणाऱ्या, दोन वा अधिक पात्यांच्या साधनास प्रचालक म्हणतात. व्यवहारात विमानाचा पंखा किंवा प्रॉपेलर ही नावे रूढ आहेत. खासगी मालकीच्या लहान विमानात हा भाग सर्वांत पुढे व सर्वांत उघडा असतो. धावपट्टीवरील खड्यांनी त्याच्या कडांना खाचा पडतात, अवतरणात विमानाचे नाक टेकले तर पाती वाकतात, लाकूड असेल तर ते उकलते. त्यामुळे विमानाच्या आयुष्यात प्रचालक बदलण्याची वेळ बहुधा येतेच. तथापि मोटारीचे चाक बदलावे तसा तो बदलता येत नाही. प्रचालक, एंजिन व विमानाचा सांगाडा या तिघांचा मेळ जमावा लागतो आणि तो बिघडला तर विमान चढत नाही, एंजिन शिणते किंवा पाते तुटते. बदली प्रचालकाची निवड पूर्वी कारागिराच्या नजरेवर सोपविलेली असे. आज ती प्रमाणपत्राने बांधलेली आहे. हे स्थित्यंतर सु. अर्धशतकाच्या अनुभवातून घडले व त्यातील काही अनुभव फार महाग पडले.

विल्बर व ऑर्व्हिल राइट यांनी १९०२ च्या अखेरीस प्रचालकाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा जहाजांच्या मळसूत्री प्रचालकाविषयीच्या ग्रंथांतून आयते गणित मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. डब्ल्यू. जे. एम. रँकिन यांनी १८६५ मध्ये मांडलेला संवेगाचा सिद्धांत व विल्यम फ्रूड यांचे १८७८ चे पात्याच्या लहान लहान भागांचे विवेचन उपलब्ध होते. परंतु जहाजबांधणीचा व्यवहार मुख्यतः करून पाहण्यावरच चालत असे. राइट बंधूंनी प्रचालकाचे पाते म्हणजे मळसूत्राच्या वाटेने फिरणारा पंखच होय, असे गृहीत धरले आणि पंखांसाठी वातविवरात घेतलेली स्वतःची मोजमापे त्याला लावली. या काळात दोघांत इतके वाद झाले, की शेवटी प्रत्येक जण दुसऱ्याची बाजू मांडू लागे. १९०३ च्या विमानाचे दोन्ही प्रचालक स्प्रूस लाकडाच्या थरांतून कोरलेले, सु. २·६ मी. व्यासाचे होते. बारा अश्वशक्तीच्या एंजिनाने ते साखळ्यांद्वारे परस्परविरुद्ध दिशांनी फिरत. त्यांच्या प्रतिकृतींवर पुढे झालेल्या चाचण्यांत त्यांची कार्यक्षमता सु. ७५ टक्के भरली. हातकाम आणि गणित यांचा असा संगम त्या काळात अन्यत्र आढळत नाही.

बदली प्रचालकाचा पहिला मोठा अपघातही राइट यांच्याच विमानाचा आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये ऑर्व्हिल अमेरिकी सैन्यापुढे फोर्ट मायर येथे उड्डाणे करीत होता व जुन्या प्रचालकांनी त्याने तासाभराहून अधिक काळ विमान हवेत ठेवले होते. त्यानंतर त्याने अधिक लांबीचे नवे प्रचालक बसविले. १७ सप्टेंबरला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज याला सोबत घेऊन तो उडाला असता एका पात्याला उभी चीर गेली. पात्याचा रेटा घटला, दोन पात्यांचा तोल बिघडला, कंपनाने दंडाचा आधार ढिला झाला आणि प्रचालक शेपटीला ताण देणाऱ्या तारेवर आदळला. विमान नाकावर कोसळून सेल्फ्रिजचा मृत्यू झाला. शक्तिचालित विमानाच्या अपघातातील हा पहिला बळी होय. येथे दोष एका लाकडाच्या तुकड्यात होता. तथापि पाते लांब झाले की त्याच्यावरील भार, त्याची कंपने व आसपासच्या भागांपासूनचे अंतर ही सर्वच बदलतात, हे या घटनेत प्रथम दिसले.

फ्रान्समध्ये ल्यूस्यँ शोव्ह्येर याने लाकडाचे थर डकवून बनविलेला ‘अँतेग्राल’ हा प्रचालक प्रसिद्धीस आला. २५ जुलै १९०९ रोजी ल्वी ब्लेर्यो याने इंग्लिश खाडी ओलांडली ती त्याच्याच जोरावर. अमेरिकेत डब्ल्यू. एफ. ड्युरँड यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रचालकांच्या अनेक आकारांची पद्धतशीर परीक्षा घेतली व १९१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लाकूड हलके, कोरण्यास सोपे व कंपने स्वतःतच जिरविणारे. तथापि ते हवेतील दमटपणा शोषते. उभ्या विमानाचा प्रचालक उभा सोडला, तर ओल खालच्या पात्यात उतरून तोल जातो, म्हणून तो आडवा ठेवण्याची शिस्त पडली. लाकूड फुगते-आकसते तसे तुंब्याचे बोल्टही पुन्हापुन्हा तपासावे लागतात. १९२० नंतरच्या दशकाअखेरीस मुंबई, दिल्ली व कराची येथील उड्डाण मंडळांनी घेतलेल्या मॉथ विमानांना लाकडी प्रचालकच असत. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ही काळजी विशेष महत्त्वाची ठरते.

अंतराल व त्याची तडजोड : प्रचालक एका फेऱ्यात न घसरता जेवढा पुढे सरकेल त्या अंतरास अंतराल म्हणतात. ते प्रत्यक्षात पात्याच्या कोनाचे माप आहे. कमी अंतरालाचा प्रचालक एंजिनाला लवकर पूर्ण गती घेऊ देतो, त्यामुळे उड्डाण व चढण सुलभ होते. पण सपाट उड्डाणात एंजिन भरधाव फिरून इंधन वाया जाते. जास्त अंतरालाचा प्रचालक दूरच्या प्रवासास चांगला, परंतु धावपट्टीवर तो एंजिनाला जखडून ठेवतो. मोटार कायम एकाच गिअरमध्ये चालवावी तशी ही स्थिती होय. चार्ल्स लिंडबर्ग याच्या १९२७ च्या अटलांटिक उड्डाणात प्रचालकाची पाती जमिनीवर हव्या त्या कोनात बसविता येत होती. इंधन वाचावे म्हणून त्याने प्रवासाकडे झुकणारा कोन पत्करला व त्याची किंमत चिखलाच्या धावपट्टीवर मोजली. २० मे रोजी त्याचे अतिभारित विमान टोकाच्या तारांवरून जेमतेम पार झाले.

उड्डाणातच कोन बदलण्याच्या कल्पनेवर अनेकांनी काम केले. ब्रिटनमध्ये एच. एस. हेल-शॉ व टी. ई. बीचम यांनी १९२४ मध्ये तेलाच्या दाबाने चालणाऱ्या यंत्रणेचे एकस्व घेतले; कॅनडात डब्ल्यू. आर. टर्नबुल यांच्या विजेने चालणाऱ्या प्रचालकाची १९२७ मध्ये उड्डाणचाचणी झाली. व्यापारी यश मात्र फ्रँक कॉल्डवेल यांच्या द्विस्थिती प्रचालकास मिळाले. उंचावरील शायेन विमानतळावरून स्थिर अंतरालाच्या प्रचालकाने बोइंग २४७ हे विमान धडपणे उठत नव्हते. प्रचालक बदलताच ते उठू लागले. त्याबद्दल १९३३ चा कॉलियर चषक देण्यात आला. पुढे फेऱ्यांची संख्या स्वतःच स्थिर राखणारा प्रचालक आला. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये स्पिटफायर व हरिकेन विमानांच्या द्विस्थिती प्रचालकांचे अशा प्रकारात रूपांतर केले गेले. जूनअखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजाराहून अधिक विमानांवर हे काम हवाई तळांवरच उरकण्यात आले. घाईत पार पडलेले असे दुसरे बदलकार्य क्वचितच सापडेल. लहान खासगी विमानात ही सोय युद्धोत्तर काळात आली. पण त्यासाठी तेल वाहून नेणारा पोकळ भुजादंड व वेगनियंता लागत असल्याने प्रत्येक एंजिनावर ती करता येत नाही.

धातू व शिणवटा : एस. ए. रीड यांनी ड्युराल्युमिनाची पट्टी पिळून एकसंध प्रचालक बनविला. १९२३ च्या श्नायडर शर्यतीत विजयी ठरलेल्या अमेरिकी कर्टिस विमानावर तो होता व १९२५ चा कॉलियर चषक रीड यांना मिळाला. धातूचे पाते पातळ ठेवता येते, पावसाने व खड्यांनी ते लवकर खराब होत नाही. परंतु त्याच्यात लाकडाची कंपने जिरविण्याची शक्ती नाही. चार सिलिंडरांच्या चतुर्धावी एंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटास २,४०० फेऱ्यांच्या गतीला भुजादंडावर सेकंदास ८० धक्के बसतात. धक्क्यांची वारंवारता आणि पात्याची किंवा दंडाची नैसर्गिक कंपनसंख्या जुळली, की अनुस्पंदन होऊन धातूत शिणवटा साठतो व एके दिवशी पात्याचा भाग निखळतो. यामुळेच एकाच एंजिनाला एक प्रचालक निर्धोक व त्याच मापाचा दुसरा घातक ठरू शकतो. लायकमिंगच्या १८० अश्वशक्तीच्या एंजिनावर हार्टझेल प्रचालक असलेल्या काही विमानांत मिनिटास २,००० ते २,२५० फेऱ्यांच्या पट्ट्यात सतत उडण्यास मनाई आहे, ती याच कारणाने.

यात किती प्रेरणा गुंतलेल्या असतात हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सेस्ना १७२ या सर्वपरिचित विमानाच्या १५० अश्वशक्तीच्या प्रकारात ७५ इंच व्यास व ५३ इंच अंतराल असा मॅकॉली प्रचालक आढळतो (या धंद्यात इंच अजून टिकून आहेत). मिनिटास २,७०० फेऱ्यांना त्याच्या टोकाचा वेग सेकंदास सु. २६९ मी. होतो, म्हणजे ध्वनिवेगाच्या जवळजवळ चार-पंचमांश. व्यास वाढविला तर टोक ध्वनिवेगाकडे सरकून कार्यक्षमता घटते व गोंगाट वाढतो. शिवाय जमिनीपासूनचे अंतर कमी होते. या गतीत टोकाचा अवघा १० ग्रॅमचा तुकडा उडाला, तरी सु. ७७ किग्रॅ. वजनाइतका असमतोल ओढा एंजिनाच्या आधारांवर गरगर फिरू लागतो. कडेवरील लहानशी खाच कानशीने गुळगुळीत करण्याचा आग्रह यांत्रिक धरतात, तो सौंदर्यासाठी नव्हे. शिणवट्याची चीर खाचेतूनच सुरू होते. टोके घासून व्यास किती कमी करता येईल हेही ठरलेले असते, कारण आखूड पात्याची कंपनसंख्या वेगळी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर खासगी विमानांची संख्या वाढली. पेनसिल्व्हेनियातील सेन्सेनिक बंधूंच्या कारखान्याचे (स्थापना १९३२) लाकडी प्रचालक पायपर कबसारख्या विमानांवर सर्रास दिसत; ओहायोतील मॅकॉली कंपनीने १९४६ च्या सुमारास घडीव ॲल्युमिनियमाचा स्वस्त प्रचालक बाजारात आणला आणि लाकूड मागे पडले. अमेरिकेत १९२६ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या व्यवस्थेत विमान, एंजिन व प्रचालक यांना स्वतंत्र प्ररूप प्रमाणपत्रे मिळू लागली. विमानाच्या प्रमाणपत्रात चालणाऱ्या प्रचालकांची नावे, व्यासाच्या मर्यादा व विमान जागेवर बांधून एंजिन पूर्ण सोडले असता मिळावयाच्या फेऱ्यांचा पल्ला नमूद असतो. यादीबाहेरचा प्रचालक हवा असेल, तर पूरक प्रमाणपत्र लागते. भारतात हा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे.

मालकाच्या हाती उरते ती निवड यादीच्या चौकटीतली. आखूड धावपट्टी, उष्ण हवा वा उंच प्रदेश असेल तर अंतराल इंच-दोन इंच कमी घेणे शहाणपणाचे. ५३ ऐवजी ५७ इंच घेतल्यास सैद्धांतिक वेग ताशी २१८ वरून सु. २३५ किमी. होतो खरा, पण एंजिनात तेवढी शक्ती नसेल तर तो कागदावरच राहतो. धातूचे पाते मान्यताप्राप्त कार्यशाळेत पिळून अंतराल थोडे बदलता येते, लाकडाचे नाही. तीन पात्यांचा प्रचालक कमी कंप पावतो, त्याचा व्यास लहान ठेवता येतो व आवाज कमी होतो. जर्मनीत आवाजाच्या निर्बंधांमुळे त्याला मागणी आली. मात्र धातूचा असल्यास तो जड असतो आणि समतल वेगात बहुधा लाभ देत नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या एम्‌टी या जर्मन कंपनीने लाकडी गाभ्यावर तंतूंचे संमिश्र आवरण देऊन हलकेपणा परत आणला. नाकावरचे वजन घटले की विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून त्याचे गणित नव्याने मांडावे लागते. प्रचालक हेच एंजिनाचे प्रचक्र असल्याने फार हलक्या पात्यांनी एंजिन मंद गतीला अडखळते, हीही अडचण आहे.

घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांना हे बंधन नाही. त्यांचा मालक हवा तो प्रचालक बसवू शकतो. मात्र अमेरिकेतील प्रघातानुसार एंजिन व प्रचालक यांची जोडी प्रमाणित असेल, तर अशा विमानास आरंभी लोकवस्तीपासून दूर २५ तास चाचणीची उड्डाणे करावी लागतात. नसेल तर ४० तास.