कठडा कुणासाठी? नाशिकच्या घरांतल्या जिन्याची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. जिन्याचा कठडा! त्याला कसला आलाय इतिहास? पण आहे, आणि आपल्याकडे तो बराच जुना आहे.

पांडवलेण्यांपासून सुरुवात करू. गौतमी बलश्रीने भिक्षूंना दान दिलेलं तिसऱ्या क्रमांकाचं लेणं आठवा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या ओसरीच्या दर्शनी बाजूला कठड्याची नक्षी कोरली आहे: उभे खांब आणि त्यांत ओवलेल्या आडव्या सूची. दगड असला तरी जोडणी लाकडाची आहे. सुताराचं काम पाथरवटाने उचललं. पण तो काही हाताने धरायला नव्हता बरं का. स्तूपाभोवती वेदिका असते, तिची ती खूण. इथून पुढची जागा पवित्र, एवढंच तो सांगतो.

आता सराफ बाजाराकडे या. सरकारवाडा आणि पेशवाईच्या वळणाचे इतर वाडे. अशा वाड्यांत जिना बहुधा भिंतीच्या जाडीतच असे. अरुंद, उभा, अंधारा. एका वेळी एकच माणूस चढणार, आणि वरचं झापड टाकलं की वाट बंद. चोर-दरोडेखोरांच्या काळात हे शहाणपणाचंच होतं. दोन्ही बाजूंना भिंत, म्हणून कठडा नाही. धरायला फार तर वरून सोडलेला दोर.

पुढे इंग्रजी अमदानीत जिना भिंतीतून बाहेर आला. बिडाची नक्षीदार जाळी आणि वर सागवानी हातधरा अशी जोडी जमली. नंतर सिमेंट आलं, कॉलेज रोड-गंगापूर रोडला बंगले झाले, आणि जिना थेट दिवाणखान्यात येऊन बसला. त्याच सुमारास आणखी एक हौस आली: बसायची जागा दोन पायऱ्या खाली. जिन्याला कठडा मिळाला, तो पाहुण्यांना दिसणार म्हणून. त्या दोन पायऱ्यांना मात्र काहीच नाही. दोनच तर पायऱ्या!

माझी आत्या जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढली. दोर धरून चढ-उतार करण्यात तिचं बालपण गेलं, कधी पडली नाही. पंचाहत्तरीत मुलाच्या बंगल्यात त्या दोन पायऱ्यांवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अंधाऱ्या जिन्यात माणूस सावध असतो, हात आपोआप आधार शोधतो. उजेडातल्या गुळगुळीत फरशीवर पायरीची कडच दिसत नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली आली. २०१६ च्या आवृत्तीत हातधऱ्याची उंची १,००० मिलिमीटर दिली आहे. घरच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी २५० पेक्षा कमी नको, हेही त्यात आहे. आज सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेटरकडे स्टील, काच, लाकूड सगळं मिळतं. प्रश्न वस्तूचा नाही. मुठीत मावेल असा गोल हातधरा घ्या. शेवटच्या पायरीच्या वीतभर पुढे न्या. आडव्या सळ्या टाळा, पोरं त्यावर शिडीसारखी चढतात. आणि बोल्ट नुसत्या टाइलमध्ये नको, आत काँक्रीटपर्यंत जाऊ द्या.

आत्याच्या मुलाने आधी नाक मुरडलं होतं: ‘हॉलचं हॉस्पिटल होईल.’ शेवटी भिंतीला साधा सागवानी दांडा लागला. आत्या त्याला अजून ‘दोर’च म्हणते.

लेण्यातला कठडा पावित्र्यासाठी होता. वाड्यातला जिना शत्रूला अडवायला, बंगल्यातला पाहुण्यांना दाखवायला. घरी गेल्यावर तुमचा जिना एकदा बघा. तो कुणाचा विचार करून बांधलाय? आणि आज त्या घरात कोण राहतंय?