नाव एकदाच लिहावं

मैंदर्गीत एका शाळेची जुनी यादी संगणकावर नीट लावायला बसलो. तीन भावंडं, वडील एकच. आडनाव मात्र कुठे शेख, कुठे शैख, कुठे सेख. अशाने शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो.

यावरचा उपाय 1970 साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी मांडला: माहितीचे वेगळे तक्ते करा, एक गोष्ट एकाच जागी लिहा, बाकी ठिकाणी क्रमांकाने जोडा. तलाठ्याच्या दप्तराची रीतही काहीशी अशीच. सातबारा गटाचा, आठ-अ खात्याचा, बदलाची नोंद फेरफारात, दुवा क्रमांकांचा.

मी पालकांचा तक्ता वेगळा काढला. मुलांपुढे फक्त पालकाचा क्रमांक ठेवला. आता एक दुरुस्ती तिघांना पुरते. पण खरं आडनाव कोणतं, हे तक्ता सांगत नाही. ते वडिलांनाच विचारावं लागलं.