बू-०१ (माल्मो)

बू-०१ ही स्वीडनच्या दक्षिण टोकावरील माल्मो शहरात ओरेसुंड सामुद्रधुनीच्या काठी उभारलेली वसाहत आहे. २००१ साली भरलेल्या गृहनिर्माण प्रदर्शनाच्या निमित्ताने ती बांधण्यात आली. ‘बू’ या स्वीडिश शब्दाचा अर्थ राहणे. ०१ हा आकडा वर्षाचा निदर्शक. वसाहतीची ऊर्जेची संपूर्ण गरज स्थानिक व पुनर्निर्मितिक्षम स्रोतांतून भागवणे हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते.

पार्श्वभूमी

वसाहतीची जागा वेस्त्रा हाम्नेन, म्हणजे पश्चिम बंदर, या भागात आहे. समुद्रात भराव टाकून तयार केलेल्या या भूमीवर पूर्वी जहाजबांधणीसारखे उद्योग होते. कोकुम्स या जहाजबांधणी कारखान्याला उतरती कळा लागल्यावर शहराची लोकसंख्याही घटली. कारखान्याची अजस्र यारी दक्षिण कोरियाला विकली गेली व २००२ मध्ये ती हलवण्यात आली. २००० साली कोपनहेगनशी जोडणारा पूल खुला झाला, आणि २०११ मध्ये लोकसंख्येने ३ लाखांचा टप्पा ओलांडला.

रचना

आराखडा वास्तुविशारद क्लास थाम यांनी केला. समुद्राकडील बाजूस उंच इमारती व त्यांच्या आडोशाला ठेंगणी घरे आणि अरुंद, किंचित वाकड्या गल्ल्या असल्यामुळे खारा वारा अडतो. पावसाचे पाणी उघड्या पन्हळींतून वाहते. प्रत्येक बांधकाम व्यावसायिकाला पक्ष्यांची घरटी, वेली, तळी इत्यादी ३५ बाबींच्या यादीतून किमान १० निवडणे बंधनकारक होते.

ऊर्जाव्यवस्था

उन्हाळ्यातील ऊब व हिवाळ्यातील गारवा जमिनीखालच्या चुनखडकातील जलधरात साठवला जातो. उष्णता पंप त्या साठ्यातून तसेच समुद्राच्या पाण्यातून उष्णता खेचतात. पंपांसाठी व घरांसाठी लागणारी वीज प्रामुख्याने उत्तर बंदरातील २ मेगावॅटच्या पवनचक्कीतून येते. छतांवर व भिंतींवर सौर संग्राहक आहेत. वसाहत शहराच्या वीज व उष्णता जाळ्यांपासून तुटलेली नाही. ‘शंभर टक्के’ हा हिशेब पूर्ण वर्षाच्या जमाखर्चाचा आहे, प्रत्येक क्षणाचा नव्हे. वसाहतीच्या प्रसिद्धीत हा भेद पुष्कळदा गाळला जातो.

अपेक्षा आणि मोजमाप

घरगुती विजेसह दर चौरस मीटरला वर्षाला १०५ किलोवॅट-तास ही वापराची मर्यादा ठरली होती. लोक राहायला आल्यावर लुंड येथील अभियांत्रिकी विद्यालयाने काही इमारतींची मोजणी केली, तेव्हा प्रत्यक्ष वापर मर्यादेपेक्षा बराच अधिक आढळला. समुद्राचे दर्शन घडावे म्हणून ठेवलेल्या भव्य काचा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. काच कितीही उत्तम असली तरी चांगल्या भिंतीइतकी उष्णता ती धरून ठेवत नाही. सांध्यांतून होणारी गळती व आगाऊ गणितातील आशावाद यांचीही त्यात भर पडली. म्हणजे ऊर्जा स्वच्छ होती, पण घरे काटकसरी नव्हती. या दोन गोष्टी एकच मानण्याची चूक अन्यत्रही होत असल्यामुळे बू-०१ च्या या मोजणीला तिच्या देखण्या किनाऱ्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

टीका व पुढील टप्पे

समुद्रालगतची ही घरे महाग असल्याने वसाहत श्रीमंतांपुरती राहिली, अशी टीका झाली. शेजारच्या फ्लागहूसेन या पुढील टप्प्यात भाड्याच्या घरांनाही स्थान मिळाले, आणि त्यानंतरच्या बांधकामांत अत्यल्प उष्णता लागणारी ‘पॅसिव्ह’ घरेही आली. १९० मीटर उंचीचा ‘टर्निंग टॉर्सो’ हा मनोरा २००५ मध्ये पूर्ण झाला.

याच शहरातील आउगुस्टेनबोर्ग ही सुमारे १९५० च्या काळातील भाडेकरूंची वसाहत १९९८ पासून राहत्या लोकांसह सुधारण्यात आली. तेथील तळघरांत शिरणारे पावसाचे पाणी उघडे कालवे, तळी व हिरवी छपरे यांच्या साहाय्याने आवरण्यात आले.