सनद हातात, पण हुद्दा नाही : सार्जंट स्वेल्सची बढती

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या स्वयंसेवक पलटणी कशा उभ्या राहिल्या ते पाहिलं. आज त्या पलटणींतल्या बढतीकडे वळू. विषय वरवर कोरडा वाटेल. पण एका सार्जंटची बढती दहा महिने अडून राहिली, आणि ती का अडली हे पाहिलं की त्या युद्धातला खरा पेच हाती लागतो.

आधी पद्धत समजून घेऊ. स्वयंसेवक पलटणीत कर्नलपर्यंतच्या हुद्द्याची सनद राज्याचा गव्हर्नर देत असे. मात्र पलटण लढायची केंद्र सरकारच्या सैन्यात. त्यामुळे शिपाई म्हणून नाव कमी करून अधिकारी म्हणून पटावर चढवणं हे केंद्राच्या युद्धखात्याचं काम. म्हणजे कुलूप एक आणि किल्ल्या दोन. एरवी दुसरी किल्ली आपोआप फिरायची.

स्टीफन स्वेल्स एप्रिल १८६३ मध्ये ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत दाखल झाला. शिपाई सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी सगळे गोरे, अशी ही पलटण. तिने १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवर चढाई केली, तेव्हा स्वेल्स तिथे होता. २० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडात ऑलस्टीच्या लढाईत उत्तरेच्या फौजेला माघार घ्यावी लागली. त्या दिवशी त्याच्या डोक्याला जखम झाली. कर्नल हॅलोवेल यांनी त्याची शिफारस केली, आणि ११ मार्चला गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी सेकंड लेफ्टनंटची सनद दिली.

दुसरी किल्ली मात्र फिरेना. युद्धखात्याने कारण दिलं : हा माणूस आफ्रिकी वंशाचा आहे. गंमत बघा, पलटणीतल्याच कॅप्टन एमिलिओ यांनी पुढे लिहिलेल्या इतिहासात नोंदवलंय की स्वेल्स दिसायला गोराच वाटे. म्हणजे अडचण रंगाची नव्हती, जन्माची होती. हे गणित आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

मग भीती कसली होती? कृष्णवर्णीय डॉक्टर आणि पाद्री यांना हुद्दे मिळाले होते, पण त्यांना लढाईत हुकूम सोडायचे नव्हते. लुइझियानात १८६२ मध्ये कृष्णवर्णीय कॅप्टन आणि लेफ्टनंट होतेही, पण जनरल बँक्स यांनी बहुतेकांना राजीनामे द्यायला लावले. लेफ्टनंटला गोऱ्या सार्जंटनेही सलाम ठोकावा लागतो, आणि तिथेच घोडं अडत होतं. आपल्याकडे त्याच काळात सुभेदार-मेजर झालेला हिंदी माणूससुद्धा नुकत्याच बोटीतून उतरलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच असे.

याच पलटणीचा पगाराचा झगडाही तेव्हा चालू होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, कृष्णवर्णीयाला १०, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. फरकाची रक्कम राज्य भरून द्यायला तयार होतं. पलटणीने तेही नाकारलं. घेऊ तर पुरा पगार, नाहीतर काहीच नाही. घरी बायकापोरं उपाशी असताना ही माणसं बिनपगारी लढली. जून १८६४ मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला. म्हणजे मरणाची किंमत सारखी झाली; हुकमाचा अधिकार अजून सारखा व्हायचा होता.

हॅलोवेल आणि अँड्र्यू यांनी पाठपुरावा सोडला नाही. त्या विभागाचे सेनापती जनरल फॉस्टर यांनीही पाठिंबा दिला. अखेर १७ जानेवारी १८६५ रोजी स्वेल्सचं नाव अधिकारी म्हणून पटावर चढलं. युद्ध संपायला जेमतेम तीन महिने उरले होते. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या मोहिमेत तो पुन्हा जखमी झाला. त्याच्यामागून त्याच पलटणीतले पीटर व्होगेलसँग आणि फ्रँक वेल्श लेफ्टनंट झाले.

युद्धानंतर स्वेल्स दक्षिण कॅरोलायनातच किंग्जट्रीला राहिला, आणि राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. ज्याला लेफ्टनंट करायला सरकार कचरत होतं, तो त्या सिनेटचा हंगामी अध्यक्षही झाला. पुढे वारं फिरलं आणि जिवाच्या धमक्यांमुळे त्याला राजकारणातून बाहेर पडावं लागलं. १९०० मध्ये तो वारला.

आपण एवढं लक्षात ठेवू : लढण्याचा हक्क त्याला सरकारच्या गरजेने मिळाला, हुकूम देण्याचा हक्क मात्र भांडून मिळवावा लागला. पुढच्या व्याख्यानात आपण युद्धानंतरच्या दक्षिणेकडे वळू.