मिगच्या पोटाखालची सुई

गेले तीन वीकांत मी अकोल्याच्या घरी २६ गेजच्या एका सुईशी झटापट करतोय. निमित्त मामांचं.

मामा १९६८ साली नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले. रिटायर होऊन अकोल्याला परतले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीवर पूर्ण बघितला आणि एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, यांना एक मॉडेल करून द्यावं. १:७२ चं प्लॅस्टिकचं किट आणलं. ते होतं मिग-२१ पीएफचं, आणि मामांच्या हाताखालून गेलं ते एफएल. म्हणून शेपटीचा उभा पंख रुंद केला, रंग दिला, नेऊन दिलं. मामांनी भिंग घेतलं, विमान उलटं केलं. "हे आमचं नाही रे बाबू. याचा गनपॉड कुठी हाये?"

झालं!

आता ही गनपॉडची भानगड काय? साठच्या दशकात जगभरच्या डिझायनरांचं मत होतं की क्षेपणास्त्रं आल्यावर तोफेची गरज संपली. म्हणून पीएफ आणि एफएलमध्ये आत तोफच नाही, पंखांखाली फक्त दोन के-१३ क्षेपणास्त्रं. (हे के-१३ म्हणजे अमेरिकन साइडवाइंडरची कॉपी. १९५८ मध्ये एक साइडवाइंडर न फुटता चिनी मिगमध्ये रुतून बसलं, ते मॉस्कोला गेलं. रिव्हर्स इंजिनिअरिंग!) मग आलं प्रॉडक्शन, म्हणजे युद्ध. ४ सप्टेंबर १९६५ ला विंग कमांडर वोलन यांनी एका सेबरवर दोन्ही क्षेपणास्त्रं सोडली, दोन्ही वाया गेली. आणि मारायला हाताशी तोफ नाही.

यावर निघालेला पॅच म्हणजे जीपी-९. दोन नळ्यांची २३ मिलीमीटरची तोफ, २०० गोळ्या, सगळं एका डब्यात, डबा पोटाखाली. पॅच म्हटला की काहीतरी तुटणारच. पोटाखालची ती जागा जादा इंधनाच्या टाकीची होती. तोफ लावा किंवा टाकी, दोन्ही नाही. पण १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं ते याच तोफेने. क्षेपणास्त्र आधी चुकलं होतं.

हे सगळं वाचल्यावर सपाट पोटाचं मॉडेल मलाच बघवेना.

पॉड कुठून आणायचा? करायचा. विमानाच्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलवर ९९ मिलीमीटर. खालून काढलेल्या एका फोटोत पंख मोजले, पॉड मोजला, त्रैराशिक मांडलं. जुन्या एटीएम कार्डाचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा केला आणि पॉलिश पेपरने घासत बसलो. दोन ठोकळे वाकडे झाले. अकोल्याच्या उन्हात फेव्हिक्विक असं काही झटकन धरतं की तुकडा सरकवायला वेळच मिळत नाही!

नळ्यांसाठी सुई. २३ ला ७२ ने भागा, ०.३२ मिलीमीटर येतात. २६ गेजच्या सुईचं भोक साधारण ०.२६. चालतंय. मेडिकलवाल्याने विचारलं, "कोणाले टोचाची हाये भाऊ?" म्हटलं, विमानाला. तो पुढे काही बोलला नाही. सुई पकडीने तोडायची नाही, भोक दबतं. बारीक कानसीने गोल खाच पाडायची आणि मग हलकेच मोडायची. पहिला तुकडा उडून कुठे गेला कोण जाणे, आई अजून घरात चप्पल घालून फिरते.

काल पॉड लावून नेलं. मामांना आता बारीक दिसत नाही, त्यांनी बोट फिरवलं. दोन नळ्यांवर बोट थांबलं. बराच वेळ तिथेच होतं. मग त्यांनी पॉड हलवून बघितला.

"चिकटवला काय?"

"हो मामा."

"मंग टाकी कशी लावशील? हा निघाला पाहिजे."

बरोबर आहे त्यांचं. आता पोटाला भोक पाडून पॉडला खिळ बसवायची, आणि ७२ पट छोटी टाकीही करायची. खिळीला उरलेली सुई चालेल. टाकीला काय वापरावं, विचार चालू आहे.